पीयूसीच्या कागदावर इंजिनाची नाडी

प्रतिनिधी

रविवारची सकाळ हा हौशी मेकॅनिकांचा हक्काचा वेळ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मेन स्टँडवर चढते, पान्यांची पेटी उघडते आणि पाहता पाहता भोवती चार शेजारी जमतात. मग 'ॲव्हरेज किती देते?' इथपासून 'टॅपेटचा आवाज येतोय' इथपर्यंत चर्चा रंगते. कुणी चेतकच्या जमान्यातील प्लग घासण्याची आणि सुरू न होणारी स्कूटर वाकडी करण्याची आठवण काढतो, तर कुणी नव्या गाडीत 'आता हात घालायला काही उरलेच नाही' अशी तक्रार करतो. या साऱ्या गप्पांत धुराचा विषय निघतो तो बहुधा एकाच कारणाने. पीयूसीची मुदत संपली आहे की नाही! कागद मिळाला की तो डिकीत जातो आणि पोलिसाने मागेपर्यंत पुन्हा बाहेर येत नाही.

वास्तविक या कागदावर छापलेले दोन-तीन आकडे म्हणजे इंजिनाच्या तब्येतीचा छोटासा अहवालच असतो. रक्ततपासणीचा अहवाल जसा केवळ 'पास की नापास' यासाठी पाहिला जात नाही, तसाच हा कागदही वाचता आला, तर पाना हातात घेण्यापूर्वीच दोष कोठे आहे याचा अंदाज बांधता येतो.

मोजतात तरी काय?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११५ व्या नियमानुसार ही तपासणी होते. पेट्रोल वाहनाच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून इंजिन आयडलिंगवर असताना प्रामुख्याने दोन घटक मोजले जातात. पहिला कार्बन मोनॉक्साईड, म्हणजेच सीओ. तो टक्क्यांत मोजतात. दुसरा हायड्रोकार्बन, म्हणजेच एचसी. तो दहा लाख भागांत किती भाग, या हिशेबाने (पीपीएम) मोजतात. ३१ मार्च २००० नंतर तयार झालेल्या जुन्या पिढीतील चार-स्ट्रोक दुचाकींना सीओची मर्यादा ३.५ टक्के आणि एचसीची ४५०० पीपीएम आहे. दोन-स्ट्रोकसाठी एचसीची मर्यादा ६००० पीपीएम आहे. पुढच्या टप्प्यांतील वाहनांसाठी नियम अधिक कडक झाले. बीएस-४ पेट्रोल मोटारींना सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम एवढीच सवलत मिळते. डिझेल वाहनांची चाचणी वेगळी असून तेथे धुराचा दाटपणा मोजला जातो.

सीओ म्हणजे अर्धवट जळालेले पेट्रोल आणि एचसी म्हणजे मुख्यतः न जळताच बाहेर पडलेले पेट्रोल. थोडक्यात, कागदावरचे हे दोन्ही आकडे म्हणजे आपण पंपावर पैसे मोजून घेतलेले, पण गाडीच्या कामी न आलेले इंधन होय. ॲव्हरेजची चिंता करणाऱ्याने धुराची चिंता का करावी, याचे उत्तर येथेच मिळते.

आकड्यांची भाषा

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की मिश्रण 'रिच' होते. हवा जास्त झाली की ते 'लीन' होते. सीओ हा या प्रमाणाचा थेट निदर्शक आहे.

सीओ वाढलेला असेल, तर मिश्रण रिच आहे असे समजावे. धुळीने तुंबलेला एअर फिल्टर, पूर्ण मागे न गेलेला चोक किंवा कार्ब्युरेटरमधील फ्लोटची चुकलेली पातळी ही त्याची नेहमीची कारणे. प्लग उघडून पाहिल्यास त्यावर कोरडी काळी काजळी दिसते.

सीओ कमी, पण एचसी भरपूर असेल, तर इंजिन 'मिस' होत आहे, अशी शंका घ्यावी. ठिणगी पडली नाही की सिलिंडरमधील पेट्रोल जसेच्या तसे बाहेर जाते. झिजलेला प्लग, प्लग कॅपचा सैल जोड, व्हॉल्व्हची गळती किंवा ठिणगीने पेट घेऊ शकणार नाही इतके लीन झालेले मिश्रण, यापैकी काहीही कारण असू शकते. सीओ आणि एचसी दोन्ही चढलेले असतील, तर रिच मिश्रणाबरोबरच पिस्टन रिंगमधून जळणाऱ्या ऑईलचाही विचार करावा लागतो. अशा वेळी धुराचा रंग मदतीला येतो. काळा धूर पेट्रोल जास्त झाल्याचा, तर निळसर धूर ऑईल जळत असल्याचा. थंडीच्या दिवसांत सकाळी दिसणारी पांढरी वाफ मात्र बहुतेकदा निरुपद्रवी पाणीच असते. गाडी तापल्यावर ती नाहीशी व्हायला हवी.

एका स्क्रूची करामत

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांबाबत एक युक्ती वर्षानुवर्षे चालत आली आहे. पीयूसीपूर्वी मिश्रणाचा स्क्रू फिरवून गाडी लीन करायची, कागद घ्यायचा आणि घरी येऊन स्क्रू पूर्ववत करायचा. कागद खरा असतो, पण तो वाहन जसे रोज धावते, तसे त्याचे चित्र दाखवत नाही. शिवाय स्क्रू प्रमाणाबाहेर फिरवला की इंजिन मिस होऊ लागते, सीओ उतरतो आणि एचसी चढतो. तशीच लीन गाडी चालवत राहिल्यास इंजिन अधिक तापते आणि प्लगचे टोक पांढरे पडते. योग्य जुळणी असेल तर ते फिकट तपकिरी दिसते.

हा स्क्रू दोन प्रकारचा असतो, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा. पहिला आत घट्ट केला की मिश्रण रिच होते, दुसरा घट्ट केला की लीन. मित्राच्या गाडीवर उपयोगी पडलेला 'अर्धा फेरा' आपल्या गाडीवर नेमका उलटा परिणाम करतो, तो यामुळेच.

त्यात आता इंधनही बदलले आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने जुन्या जुळणीवरचा कार्ब्युरेटर या इंधनावर थोडा लीन चालतो. इथेनॉल पाणीही शोषून घेते. त्यामुळे पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचा फ्लोट कप रिकामा करून ठेवणे शहाणपणाचे.

नव्या गाडीत काय उरले?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके देशभर लागू झाली आणि दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर मिश्रणाची खबर देतो आणि संगणक त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. उरलेसुरले प्रदूषण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शुद्ध करतो. मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा थर देऊन तो बनवलेला असतो.

येथे फिरवायला स्क्रू नाही हे खरे. पण हौशी मेकॅनिकची जबाबदारी संपलेली नाही, उलट ती वाढली आहे. प्लग मिस होऊन न जळालेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पोहोचले, तर ते तेथे जळते आणि जाळी वितळूही शकते. जळणाऱ्या ऑईलची राख त्या थरावर बसते. काहीशे रुपयांच्या प्लगकडे केलेले दुर्लक्ष अशा रीतीने कित्येक हजारांना पडते. मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा चालू राहिल्यास बॅटरीची वायर काढून तो घालवणे हा उपाय नव्हे. दोष तेथेच राहतो, फक्त त्याची नोंद पुसली जाते.

'फटाके' वाजवणाऱ्या सायलेन्सरचेही तसेच. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले, ते आवाजासाठी. परंतु अनेक मोटारसायकलींत कन्व्हर्टर मूळ सायलेन्सरच्या नळीतच असतो. सायलेन्सर बदलला की कन्व्हर्टरही जातो. आवाज साऱ्या गल्लीला ऐकू येतो. सीओ मात्र कुणाला दिसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत असे बदल करण्यास मनाई आहे.

पेटीत काय हवे?

धुराचे आकडे खाली ठेवण्यासाठी मोठ्या वर्कशॉपची गरज नाही. प्लग पाना, फीलर गेज, रिंग पान्यांचा संच आणि जमल्यास एक टॉर्क रेंच एवढे पुरेसे आहे. प्लगचा गॅप आणि व्हॉल्व्हचा क्लिअरन्स फीलर गेजनेच पाहावा, तोही वाहनाच्या पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे. डोळ्यांचा अंदाज येथे चालत नाही. व्हॉल्व्हचे माप सहसा इंजिन थंड असतानाच घ्यायचे असते. ऑईलचा ड्रेन बोल्ट हाताच्या जोरावर आवळण्याची सवय महागात पडते. ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटे एकदा गेले, की साध्या ऑईल बदलाचे मोठे काम होऊन बसते. एअर फिल्टरबाबतही सरसकट नियम नाही. स्पंजचा फिल्टर धुता येतो, पण तेल लावलेला कागदी फिल्टर हवा मारून साफ करायचा नसतो, तो बदलायचाच असतो.

काढलेले काळे ऑईल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा आहे. डब्यात भरून ते गॅरेजला द्यावे, तेथून ते पुनर्प्रक्रियेसाठी जाऊ शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातील कोंदट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून कधीही काम करू नये. सीओला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. डोके जड होऊन मळमळ सुरू झाली, की तत्काळ मोकळ्या हवेत यावे.

कागद जपून ठेवा

पीयूसीलाही मर्यादा आहेत. ही तपासणी उभ्या गाडीची असते. पेट्रोल गाडीच्या तपासणीत नायट्रोजन ऑक्साईड आणि सूक्ष्म कण मोजले जात नाहीत. म्हणून 'पास' या शब्दावर समाधान मानण्यापेक्षा आपल्याच गाडीचे मागचे आणि आताचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. गेल्या वेळी ०.८ टक्के असलेला सीओ या वेळी २.५ झाला असेल, तर ३.५ च्या मर्यादेत बसूनही त्या गाडीत काहीतरी बिघडले आहे. तुलना न्याय्य व्हावी यासाठी दर वेळी गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून, पुरेशी तापवूनच तपासणीला न्यावी. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय कामालाच लागत नाही.

बीएस-४ आणि बीएस-६ वाहनांना हे प्रमाणपत्र वर्षभर, तर त्याआधीच्या वाहनांना सहा महिने चालते. नियमभंगासाठी कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीने काढलेला कागद डिकीत कुजण्यापेक्षा पान्यांच्या पेटीत राहिला, तर पुढच्या रविवारी कोणता पाना आधी उचलायचा, हे तोच सांगेल.