प्राप्तिकराच्या पायऱ्या

पगारवाढीची बातमी आली की घरात एक शंका हमखास निघते: “वरच्या दरात गेलो, तर हाती पूर्वीपेक्षा कमीच यायचे!” या भीतीपोटी जादा काम, प्रसंगी बढतीसुद्धा नको म्हणणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. तेव्हा वर्धमान कराचा हिशेब एकदा मांडून पाहू.

ओळीने घागरी ठेवल्या आहेत असे समजा. पहिली भरली की पाणी दुसरीत, मग तिसरीत. कोणत्या घागरीतून सरकारने किती घ्यायचे ते ठरलेले. पहिलीतून काहीच नाही. पाणी पाचवीत पोचले म्हणून दुसरीतला सरकारी वाटा वाढत नाही.

२०२५-२६ सालच्या नव्या कररचनेत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढच्या प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्याला शेकडा ५, १०, १५, २०, २५, आणि २४ लाखांपलीकडे ३०. करपात्र उत्पन्न १६ लाख असेल तर २०,००० अधिक ४०,००० अधिक ६०,००० मिळून कर १,२०,०००. म्हणजे सरासरी शेकडा साडेसातच. (४ टक्के उपकर तूर्त बाजूला ठेवू.) आता १०,००० रुपये वाढले. दर २० चा लागला, पण तो या दहा हजारांनाच. कर २,००० वाढला, ८,००० घरी आले.

मग ही भीती आली कोठून? १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये हा कर आणला. पुढे १९३९ पर्यंत आपल्याकडे पायरीची पद्धत होती. पायरी चढली की वरचा दर साऱ्या उत्पन्नाला लागे. १९३९ मध्ये टप्प्यांची पद्धत आली. कायदा बदलला, धास्ती मात्र राहिली.

दर किती चढवावा, हा प्रश्न निराळा. १९७३-७४ मध्ये दोन लाखांवरील उत्पन्नावर अधिभारासह शेकडा ९७.७५ कर होता. शंभरातले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याचे! अशा दरांनी करचुकवेगिरी वाढते, असे वांछू समितीने १९७१ मध्येच सांगितले होते. अखेर १९७४ च्या अर्थसंकल्पात यशवंतराव चव्हाणांनी तो ७७ वर आणला. श्रीमंताने अधिक वाटा द्यावा हे आम्हांला मान्य आहे. किराण्याच्या हजारात आणि चैनीच्या हजारात फरक आहेच. पण शेवटचा रुपया जवळजवळ सगळाच नेला, तर तो वहीत दिसेनासा होतो.

आता एक अपवाद. २०२५-२६ च्या याच रचनेत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरचा ६०,००० कर पूर्ण माफ होतो. म्हणजे पायरी मागच्या दाराने परत आली! १२,१०,००० वर टप्प्यांनी कर होतो ६१,५००. हा अन्याय टाळण्यासाठी नियम असा, की १२ लाखांवर जेवढी रक्कम असेल त्याहून कर अधिक नसावा. म्हणून कर १०,०००. वाढ सगळी गेली, आणि उपकराचे ४०० पदरचे गेले. सुमारे १२,७०,००० पर्यंत असेच चालते. पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट असल्याने त्यांच्यासाठी हा चिंचोळा पट्टा १२,७५,००० पासून सुमारे १३,४५,००० पगारापर्यंत येतो. आपला आकडा त्यात बसतो का, एवढे बढती नाकारण्याआधी पाहावे.