बोका काट्यावर

म्हशीचं दूध शंभर मिली म्हणजे जवळपास शंभर कॅलरी. आणि नसबंदी झालेल्या, साडेचार किलोच्या, बैठ्या बोक्याला अख्ख्या दिवसात लागतात दोनशेच्या आसपास. सकाळची वाटी चाटून झाली की अर्ध्या दिवसाचं जेवण आटोपलं. खामगावात आमचं धान्य-किराण्याचं दुकान आहे. पाव-अदपावाचा हिशोब मी झोपेतही करतो, पण घरच्या बोक्याचा करावा हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मन्या आला तो उंदरांसाठी. तूर-हरभऱ्याची पोती ठेवणाऱ्याला मांजर ठेवावंच लागतं. त्याची नसबंदी केली आणि रात्रीच्या मारामाऱ्या थांबल्या, भटकणं थांबलं. नसबंदीनंतर मांजराची भूक वाढते आणि शरीराची गरज मात्र साधारण पाव हिश्शानं घटते. तेव्हापासूनच ताट आवरायला हवं. आमच्याकडे ते उलट वाढलं.

घरी माळ आहे, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणून मन्याला दूध-पोळी, साय, तुपाचा हात लावलेली भाकरी. दुकानात हमाल शेव टाकणार, शेगावहून येणारं गिऱ्हाईक कचोरीचा कोपरा मोडून देणार. घरातला पेढाही त्यालाच. गंमत म्हणजे मांजराला गोड चव कळतच नाही. जिभेला गोडी ओळखायला लागणारा एक जनुक मांजरकुळात निकामी झालाय, हे 2005 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. पेढ्यात त्याला हवा असतो तो खव्यातला स्निग्धपणा.

शेवेचं दुखणं वेगळं. आपल्याकडे ती बहुतेक लसणाची, आणि लसूण-कांदा मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. लठ्ठपणाचा विषय नसता तरी ती बंदच करायला हवी होती.

मन्या पोत्यावर उडी मारेनासा झाला तेव्हा त्याला अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत नेलं. खामगावहून पन्नासेक किलोमीटर. डॉक्टरांनी वजनाआधी बरगड्या चाचपल्या. आपल्या तळहाताच्या मागच्या बाजूला हाडं जशी हाताला लागतात, तशा बरगड्या लागायला हव्यात. मन्याच्या दाबूनही सापडेनात. वरून पाहिलं तर कंबर नाही, सगळा सरळ लोड. पोटाखाली लोंबणारी कातडीची पिशवी मात्र लठ्ठपणाची खूण नव्हे, ती बारीक मांजरालाही असते. वजन भरलं 6 किलो 800 ग्रॅम. असं वजन राहिलं तर मधुमेह, सांधेदुखी, लघवीचे त्रास मागे लागतात.

घरी आल्यावर पहिला प्रश्न माझ्या मायचा, ‘‘काहून रे, आता त्याले उपाशी ठेवतं काय?’’

नाही. उलट, जाड्या मांजराला उपाशी ठेवणं हाच सगळ्यात मोठा धोका. माणसाला एकादशी मानवते, मांजराला नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी यकृताकडे धावते, तिथे साचते, कावीळ होते आणि जनावर दगावू शकतं. म्हणून एक दिवस जरी त्यानं ताटलीला तोंड लावलं नाही तरी डॉक्टरांना फोन करायचा, ‘शिस्त लागतेय’ म्हणून खूश व्हायचं नाही. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरलं की पुष्कळ. दुकानाच्या भाषेत, महिन्याला पाव किलोच्या आतबाहेर.

त्यासाठी डॉक्टरांनी ठरवून दिल्या दिवसाला 175 कॅलरी. असायला हवं त्या साडेचार किलोवर काढलेल्या, असलेल्या वजनावर नव्हे. सुक्या खाद्याच्या पाकिटावर बऱ्याचदा किलोमागे किती कॅलरी ते छापलेलं असतं. आमच्या पाकिटावर 3500, म्हणजे दिवसाचा शिधा झाला 50 ग्रॅम. मूठभरही नाही. हे कपानं मोजू नका. कप एकदा सपाट भरतो, एकदा शिगोशीग, आणि दहा ग्रॅमचा फरक म्हणजे शिध्याचा पाचवा हिस्सा. मी काट्यावर तोलून सकाळीच डबा भरतो आणि दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं देतो. उंदरांवर जगणारं मांजर असंच खातं. एका लहान उंदरात तीसेक कॅलरी, दिवसाकाठी सहा-आठ उंदीर.

मन्याचं वजन आठवड्यातून एकदा, दुकान उघडण्याआधी. रिकाम्या टोपलीचा धडा करायचा, मग त्याला आत बसवायचं. घरी असा काटा नसेल तर मांजर घेऊन स्वतः वजनकाट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा.

खरं अवघड काम मन्याचं नव्हतंच, आमचं होतं. त्याच्यावर माया करणारे हात फार. म्हणून गल्ल्याशेजारी एक वही टांगली. कुणी काही दिलं की लिहायचं. पहिल्याच पानावर मुलीच्या अक्षरात होतं, ‘साय, आजीनं, चमचाभर’ आणि खाली हमालाच्या पेन्सिलीनं, ‘शेव, मोजली नाही’. लिहायचं म्हटल्यावर निम्मे हात आपोआप आखडले. चोरून देणारे उरले, पण काटा ते सांगतोच.

पोळी-भाकरी बंद केली तेव्हा मांसाचा प्रश्न आला. गाय पालापाचोळ्यावर जगते, मांजर नाही. टॉरीन नावाचं द्रव्य त्याला पुरेसं बनवता येत नाही, निसर्गात ते मुख्यतः प्राण्याच्या मांसातून मिळतं. ते कमी पडलं की मांजराचं हृदय ढिलं पडतं, हे 1987 साली कॅलिफोर्नियात सिद्ध झालं, आणि नंतर कारखान्यांनी खाद्यात टॉरीन वाढवलं. कुत्र्याचं खाद्य म्हणूनच मांजराला चालत नाही. नुसतं उकडलेलं चिकनही रोजचं पूर्ण जेवण नव्हे, त्यात पुरेसं कॅल्शियम नाही. आम्ही तोडगा काढला तो असा: मांजराचंच पाकीट, दुकानात, मन्याची ताटली वेगळी, घरात काही नाही. मायला हे पटलं. ‘‘त्याची माळ थोडीच हाय,’’ म्हणाली.

उन्हाळ्यात इथं पारा 44-45 ला टेकतो तेव्हा सुकं खाद्य एकटं पुरत नाही. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, तहान कमी, पाणी शिकारीतूनच मिळवणारे. त्या दिवसांत शिध्यातलं काही सुकं कमी करून तेवढ्याच कॅलरीचं ओलं पाकीट देतो आणि पाण्याची मातीची परळं दोन जागी ठेवतो.

मागच्या सोमवारी काट्यानं 5 किलो 600 दाखवलं. मन्या तुरीच्या थप्पीवर पुन्हा चढायला लागलाय. माय म्हणते, दिवाळीला चमचाभर साय तर देशील. देईन, पण त्या दिवशीच्या डब्यातून तेवढं कमी करून.