हस्तचालित बंदुका

गोळी झाडल्यानंतर रिकामे काडतूस बाहेर काढणे व नवे काडतूस नळीत चढविणे ही कामे ज्या बंदुकीत हाताने करावी लागतात, तीस हस्तचालित बंदूक म्हणतात. हीच कामे दारूच्या स्फोटातील वायुदाबाने वा मागे बसणाऱ्या धक्क्याने आपोआप होत असल्यास ती स्वयंभरण बंदूक होय. मोडून भरावयाची दुनळी, पंपाची बंदूक आणि बोल्ट मागेपुढे सरकवून भरावयाची रायफल हे हस्तचालित बंदुकांचे प्रमुख प्रकार आहेत.

भारतात दीर्घकाळ प्रचारात राहिलेली अशी रायफल म्हणजे ०·३०३ इंच (७·७ मिमी.) व्यासाची, १० काडतुसांची ली-एनफील्ड. पश्चिम बंगालमधील ईशापूर येथे तिचे उत्पादन झाले. १९६० नंतरच्या दशकात तेथेच तिचा ७·६२ मिमी. प्रकारही तयार करण्यात आला.

फायदे : हस्तचालित यंत्रणेत हलणारे भाग थोडे असतात, त्यामुळे ती मजबूत व स्वस्त असते आणि तिची साफसफाई सोपी असते. स्वयंभरण बंदुकीस ठराविक दाबाचे काडतूस लागते; ते कमजोर निघाल्यास यंत्रणा अडकते. हस्तचालित बंदुकीत सौम्य वा जोरदार, दोन्ही काडतुसे चालतात आणि न उडालेले काडतूस बोल्ट ओढून काढून टाकता येते. नळीला वायूचा दट्ट्या जोडलेला नसल्याने अचूकता साधणे सुकर जाते. सर्वांत महत्त्वाचा फायदा सुरक्षिततेचा होय. स्वयंभरण बंदुकीत एक गोळी सुटताच दुसरी झाडण्यास सज्ज होते. बोल्टच्या रायफलीत मात्र बोल्ट चालवीपर्यंत नळीत रिकामे काडतूसच असते. बोल्ट काढून वेगळा ठेवल्यास रायफल निरुपयोगी होते.

एकेका नेमाचे हेच तत्त्व बिबट्यास बेशुद्ध करण्याच्या भूल-बंदुकीतही दिसते. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव–वारूळवाडी हा परिसर उसाचा असून तेथे बिबट्याचा वावर आहे. अशा ठिकाणी प्राण्याच्या अंदाजित वजनानुसार औषध भरलेली सुई हातानेच बंदुकीत घालावी लागते. मात्रा चुकल्यास प्राणी दगावण्याचा किंवा अर्धवट शुद्धीत अंगावर येण्याचा धोका असल्याने येथे वेगापेक्षा विचारपूर्वक केलेला एकच नेम मोलाचा ठरतो.

मर्यादा : माऱ्याचा मंद वेग हा मुख्य दोष होय. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश सैनिकास ली-एनफील्डने मिनिटाला १५ नेमबद्ध गोळ्या झाडण्याचे शिक्षण दिले जाई. तथापि प्रत्येक गोळीनंतर हात चापावरून काढावा लागतो. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनस स्थानकात स्वयंचलित रायफलींनी मारा करणाऱ्या हल्लेखोरांसमोर काही पोलिसांच्या हाती ०·३०३ रायफली होत्या. त्या प्रसंगाने ही मर्यादा उघड केली. म्हणून जवळच्या चकमकीसाठी स्वयंभरण बंदूक आणि दूरचा अचूक नेम, प्रशिक्षण व पिकांच्या राखणीसाठी हस्तचालित बंदूक अधिक उपयुक्त ठरते.