अमेरिकेतील समलिंगी नागरिकांचे नोकरीविषयक हक्क आणि शासनाचे उत्तरदायित्व

प्रस्तावना :
शासनाने नागरिकाविरुद्ध निर्णय घेतल्यास त्याचे सयुक्तिक कारण देणे हे लोकशाहीतील उत्तरदायित्वाचे मूलतत्त्व होय. अमेरिकेतील नागरी हक्कांचा अभ्यास करताना वंशभेदाच्या प्रश्नाला स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळते. तथापि, समलिंगी नागरिकांच्या नोकरीचा प्रश्नही उत्तरदायित्वाच्या दृष्टीने तितकाच उद्बोधक आहे. प्रस्तुत लेखात त्याचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी :
शीतयुद्धाच्या काळात, १९५३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कार्यकारी आदेश क्र. १०४५० काढला. त्यात 'लैंगिक विकृती' हा सुरक्षेच्या तपासणीचा एक निकष ठरविण्यात आला व त्याआधारे समलिंगी कर्मचाऱ्यांना सेवेतून काढले जाऊ लागले. शत्रुराष्ट्रे अशा व्यक्तींना धाक दाखवून गुपिते मिळवतील, असा युक्तिवाद केला जाई. वस्तुतः नोकरी जाण्याची भीती हेच त्या धाकाचे एक प्रमुख साधन होते आणि ती भीती शासनाच्या धोरणानेच निर्माण केली होती.

कॅमेनी यांचा लढा :
हार्वर्ड विद्यापीठाचे पीएच.डी. असलेले खगोलशास्त्रज्ञ फ्रँक कॅमेनी यांना १९५७ मध्ये लष्कराच्या नकाशा विभागातून बडतर्फ करण्यात आले. त्यांनी स्वतःच तयार केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सुनावणीस घेतली नाही. त्याच वर्षी त्यांनी इतरांसह 'मॅटाशाइन सोसायटी ऑफ वॉशिंग्टन' ही संघटना स्थापन केली. एप्रिल १९६५ मध्ये तिच्या सदस्यांनी व्हाइट हाऊससमोर निदर्शने केली.

न्यायालयीन कसोटी :
संघीय कर्मचाऱ्याला केवळ सेवेची कार्यक्षमता वाढविणाऱ्या कारणासाठीच काढता येते, हे तत्त्व १९१२ च्या कायद्यात होते. 'नॉर्टन विरुद्ध मेसी' या १९६९ च्या खटल्यात अपील न्यायालयाने त्याचाच आधार घेतला. कर्मचाऱ्याचे वर्तन व सेवेची कार्यक्षमता यांतील संबंध शासनाने दाखविला पाहिजे, असा निर्णय त्याने दिला. परिणामी, सिद्धतेचा भार शासनावर आला. नागरी सेवा आयोगाने १९७५ मध्ये समलिंगींवरील सरसकट बंदी उठविली. २००९ मध्ये शासनाच्या वतीने कॅमेनी यांची लेखी क्षमायाचना करण्यात आली.

हक्कांचे तीन आधार :
१) कार्यकारी आदेश : राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २०१४ मध्ये शासकीय कंत्राटदारांना लैंगिक कल व लिंगओळख यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. हा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये रद्द केला.
२) न्यायनिर्णय : 'बॉस्टॉक' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी निर्णय दिला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील लिंगभेदाच्या मनाईत समलिंगी व पारलिंगी कर्मचाऱ्यांनाही संरक्षण आहे, असे त्यात म्हटले आहे.
३) कायदा : समानता विधेयक प्रतिनिधिगृहाने २०१९ व २०२१ मध्ये संमत केले, परंतु ते सिनेटमध्ये संमत झाले नाही.

निष्कर्ष :
एका स्वाक्षरीने मिळालेला हक्क दुसऱ्या स्वाक्षरीने जाऊ शकतो. न्यायनिर्णय त्याहून टिकाऊ असला, तरी तो कायद्याच्या अन्वयार्थावर अवलंबून असतो. म्हणून समतेची हमी स्पष्ट कायद्यात असणे आवश्यक ठरते. मात्र कायद्यातील तत्त्वही आपोआप अमलात येत नाही. १९१२ चे तत्त्व समलिंगी कर्मचाऱ्यांच्या उपयोगी पडण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला आणि तेही शासनाला कारण विचारणारे नागरिक उभे राहिले तेव्हाच.