वांशिक ओळख व पूर्वग्रह, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व्यक्तीची गणना कोणत्या वंशात करावयाची, हे ठरविणारे कायदे, रूढी व प्रशासकीय नोंदी आणि त्यांतून निर्माण झालेले व कायदे रद्द झाल्यावरही टिकून राहिलेले समज, असे या विषयाचे स्वरूप आहे. त्वचेचा वर्ण, केसांची ठेवण, चेहऱ्याची घडण यांबाबत माणसामाणसांत फरक असतात. परंतु त्यांच्या आधारे मानवजातीचे काटेकोर विभाग पाडता येत नाहीत, असे आधुनिक मानवशास्त्र व आनुवंशिकी यांनी दाखवून दिले आहे. अमेरिकेतील ‘गोरा’ व ‘काळा’ या संज्ञा म्हणूनच मुख्यतः कायद्याने व व्यवहाराने घडविलेल्या आहेत. राज्याची सीमा ओलांडल्याने किंवा जनगणनेचा तक्ता बदलल्याने एकाच व्यक्तीचा नोंदलेला वंश बदलू शकत असे. ही वर्गवारी लादणारे बहुतेक कायदे विसाव्या शतकात रद्द झाले; तिचे परिणाम मात्र संपत्ती, वस्ती, रोजगार व मतदान यांत अद्याप आढळतात.

वर्गवारीचा उगम : व्हर्जिनिया वसाहतीत १६१९ मध्ये आफ्रिकी लोक प्रथम आणले गेले. त्यांचे दास्य आजन्म व वंशपरंपरागत ठरविण्याचे काम पुढील काही दशकांत कायद्यांनी केले. मुलाचा दर्जा मातेच्या दर्जावरून ठरेल, असा कायदा व्हर्जिनियाने १६६२ मध्ये केला. इंग्रजी प्रथेनुसार मूल पित्याच्या दर्जाचे मानले जाई. ती प्रथा उलटविल्यामुळे गोऱ्या मालकापासून दासीला झालेली संततीही दासच राहिली. १७८७ च्या संविधानात ‘गुलाम’ हा शब्द योजलेला नाही. मात्र प्रतिनिधींची संख्या ठरविताना स्वतंत्र नसलेल्या व्यक्तींची तीन पंचमांश गणना करण्याची तरतूद त्यात होती. १७९० च्या पहिल्या जनगणनेत स्वतंत्र गोरे, इतर स्वतंत्र व्यक्ती आणि गुलाम असे विभाग करण्यात आले. त्याच वर्षीच्या कायद्याने परदेशात जन्मलेल्यांपैकी केवळ ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’ना नागरिकत्वाचा मार्ग खुला केला. ‘गोरा’ म्हणजे कोण, याची व्याख्या मात्र त्यात नव्हती.

यादवी युद्धानंतर (१८६१–६५) तेराव्या (१८६५), चौदाव्या (१८६८) व पंधराव्या (१८७०) घटनादुरुस्त्यांनी अनुक्रमे गुलामगिरी नष्ट केली, नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण दिले आणि वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. गुलामगिरी असेतोवर मनुष्याचा दर्जा दाखविण्यास मालकीचा दस्तऐवज पुरे होता. ती गेल्यावर गोरे व कृष्णवर्णीय यांच्यातील अंतर राखण्यासाठी वंशाची व्याख्या अधिक काटेकोर करण्याची निकड दक्षिणेकडील राज्यांना भासू लागली.

रक्ताचे मोजमाप : १८९० च्या जनगणनेत कृष्णवर्णीयांची नोंद करताना त्यांच्यात आफ्रिकी रक्ताचा अंश अर्धा, चतुर्थांश की अष्टमांश, हे गणकांनी ठरवावे अशी सूचना होती. होमर प्लेसी हा लुइझियाना राज्यातील गृहस्थ केवळ एक अष्टमांश आफ्रिकी वंशाचा होता. तरीही गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात बसल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. ‘विलग परंतु समान’ सोयी संविधानाशी विसंगत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये या प्रकरणात दिला आणि शाळा, रुग्णालये, उद्याने व वाहने यांतील पृथक्करणास त्यामुळे संरक्षण लाभले. व्हर्जिनियाच्या १९२४ च्या कायद्याने तर ज्याच्यात इतर वंशाच्या रक्ताचा लवलेशही नाही, तोच गोरा ठरविला. यास ‘एका थेंबाचा नियम’ असे म्हणत. मूळच्या अमेरिकन इंडियन रक्ताच्या एक षोडशांश अंशापुरता या कायद्यात अपवाद ठेवण्यात आला. कारण पोकाहॉन्टस या इंडियन स्त्रीचे वंशज म्हणविण्यात तेथील प्रतिष्ठित घराणी अभिमान मानीत. रक्ताचा नियमही सामाजिक प्रतिष्ठेपुढे वाकविला जाई, हे यावरून दिसते.

अशा नियमांचा अंमल बराच काळ टिकला. लुइझियानात १९७० च्या एका कायद्याने कृष्णवर्णीयत्वाची मर्यादा एक बत्तिसांश अंशावर आणली होती. स्वतःस जन्मभर गोरी समजणाऱ्या एका स्त्रीस पारपत्र मागताना आपल्या जन्मदाखल्यावर ‘रंगीत’ अशी नोंद असल्याचे कळले. १९८३ मध्ये हा कायदा रद्द झाला. तथापि दाखल्यातील नोंद बदलून मिळावी, ही तिची मागणी न्यायालयांनी मान्य केली नाही.

नागरिकत्वाची कसोटी : १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींनाही नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला, परंतु आशियाई लोकांना तो बंदच राहिला. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांच्या प्रवेशास बंदी घातली. ती १९४३ पर्यंत चालू होती. गोरेपणाची न्यायालयीन व्याख्या किती डळमळीत होती, हे दोन निर्णयांवरून स्पष्ट होते. १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी अर्जदारास, ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. पुढे तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंद या पंजाबी शीख गृहस्थाचे प्रकरण निकालात निघाले. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. तत्कालीन मानवशास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय कॉकेशियन वंशात मोडतात, असा त्यांचा दावा होता. तथापि शास्त्रीय वर्गीकरणापेक्षा सामान्य माणसाची समजूत महत्त्वाची, असे म्हणून न्यायालयाने तो फेटाळला. या निर्णयानंतर अनेक भारतीयांना मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले. १९२० ते १९४० या काळातील जनगणनांत भारतीयांचा वंश ‘हिंदू’ असा नोंदला जाई. शीख आणि मुसलमानही त्याच रकान्यात पडत. भारतीयांना १९४६ मध्ये हा हक्क मिळाला व १९५२ मध्ये नागरिकत्वासाठी असलेली वंशाची अट सर्वांसाठीच रद्द झाली. नागरिकत्व असूनही ते डावलले जाऊ शके, हे दुसऱ्या महायुद्धात दिसले. पश्चिम किनाऱ्यावरील सु. १,२०,००० जपानी वंशीयांना छावण्यांत डांबण्यात आले, त्यांपैकी सु. दोन तृतीयांश अमेरिकी नागरिक होते. १९८८ मध्ये शासनाने या कृत्याबद्दल क्षमायाचना करून हयात व्यक्तींना प्रत्येकी २०,००० डॉलर भरपाई मंजूर केली.

मताधिकार व वस्ती : पंधराव्या दुरुस्तीमुळे वंशाचा उघड उल्लेख करता येईना, तेव्हा दक्षिणी राज्यांनी आडमार्ग शोधले. मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेने मतदानासाठी कर व साक्षरतेची परीक्षा या अटी घातल्या. शब्दशः त्या सर्वांना सारख्या होत्या. परीक्षक मात्र गोरे असत. १९६४ मध्ये या राज्यातील पात्र कृष्णवर्णीयांपैकी ७ टक्क्यांहूनही कमी लोकांची नावे मतदारयादीत होती. १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर केवळ दोन वर्षांत हे प्रमाण सु. ६० टक्क्यांवर गेले. अज्ञान वा उदासीनता हे जे कारण सांगितले जाई, ते किती पोकळ होते हे या आकड्यांवरून कळते.

उत्तरेकडील शहरांत भेदभावाचे साधन वेगळे होते. १९३० नंतरच्या दशकात एका संघीय गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे तयार करून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने ‘धोकादायक’ म्हणून दाखविल्या. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिवसन प्रशासनाच्या हमीचा लाभही अशा वस्त्यांना सहसा मिळाला नाही. १९६८ च्या कायद्याने घरांच्या विक्रीत व भाड्यात वांशिक भेदभाव करण्यास बंदी केली. परंतु स्वतःचे घर हेच सामान्य अमेरिकी कुटुंबाच्या संपत्तीचे मुख्य साधन असल्यामुळे मधल्या पिढ्यांत पडलेले अंतर भरून निघाले नाही. संघीय मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीनुसार मध्यस्थानी असलेल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती सु. २,८५,००० डॉलर, तर तशाच कृष्णवर्णीय कुटुंबाची सु. ४५,००० डॉलर होती.

राजकारण : लिंकन यांचा पक्ष म्हणून कृष्णवर्णीय मतदार आरंभी रिपब्लिकन पक्षाकडे, तर दक्षिणेतील गोरे डेमॉक्रॅटिक पक्षाकडे होते. १९३० नंतर ही स्थिती बदलू लागली. १९४८ मध्ये नागरी हक्कांच्या प्रश्नावरून दक्षिणी डेमॉक्रॅटांचा एक गट फुटला व त्याचे उमेदवार स्ट्रॉम थरमंड यांनी चार राज्ये जिंकली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत देणारे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांचा देशभर पराभव झाला. मात्र स्वतःच्या ॲरिझोना राज्याव्यतिरिक्त त्यांनी जिंकलेली पाचही राज्ये दक्षिणेतील होती. त्यानंतर एकाही डेमॉक्रॅटिक अध्यक्षीय उमेदवारास गोऱ्या मतदारांची बहुसंख्य मते मिळालेली नाहीत. धर्म, करनीती व प्रादेशिक हितसंबंध हीही या बदलाची कारणे आहेत. त्यांतील वांशिक भावनेचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

२००८ मध्ये बराक ओबामा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, तेव्हा वंशभेदाचे युग संपल्याचे मत काहींनी मांडले. परंतु त्यांचा जन्म अमेरिकेत झालाच नाही, असा निराधार प्रचार पुढे इतका वाढला, की २०११ मध्ये त्यांना आपला सविस्तर जन्मदाखला प्रसिद्ध करावा लागला. भारतीय माता व जमैकन पिता यांच्या कन्या कमला हॅरिस २०२४ मध्ये उमेदवार असताना त्यांच्या कृष्णवर्णीय असण्याविषयी प्रतिस्पर्धी डॉनल्ड ट्रम्प यांनी जाहीर शंका घेतली. दुसरीकडे, याच निवडणुकीत स्पॅनिश भाषिक वंशीयांची मते ट्रम्प यांच्याकडे पूर्वीपेक्षा लक्षणीय प्रमाणात वळली. त्यामुळे वंशावरून मत ठरते, हे गृहीतकही ढासळले.

पूर्वग्रहाचे आजचे स्वरूप : सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांतील पृथक्करण आणि १९६७ मध्ये आंतरवंशीय विवाहावरील बंदी घटनाबाह्य ठरविली. अशा विवाहांना १९५८ मध्ये केवळ ४ टक्के अमेरिकनांची मान्यता होती; २०२१ मध्ये ती ९४ टक्क्यांपर्यंत पोहोचली, असे गॅलप संस्थेच्या पाहण्या सांगतात. तरीही ॲलाबामाच्या राज्यघटनेतील ही निष्प्रभ झालेली बंदी काढण्यासाठी २००० मध्ये लोकमत घेतले, तेव्हा सु. ४० टक्के मते ती ठेवण्याच्या बाजूने पडली.

उच्चारलेले मत आणि प्रत्यक्ष वर्तन यांतील अंतर क्षेत्रीय प्रयोगांतून अधिक स्पष्ट झाले. समाजशास्त्रज्ञ डीव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात सारख्या पात्रतेचे तरुण नोकरीसाठी पाठवून केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तुरुंगवास भोगल्याचे सांगणाऱ्या गोऱ्या अर्जदारांपैकी १७ टक्क्यांना, तर निष्कलंक कृष्णवर्णीय अर्जदारांपैकी केवळ १४ टक्क्यांना मालकांकडून पुढील बोलावणे आले. अशा भेदभावास उघड द्वेषाची गरज नसते. प्रत्येक मालक आपला निर्णय वैयक्तिक समजतो. एकत्र मोजणी केल्यावरच त्यातील पक्षपात नजरेस येतो.

वर्गवारीचा पेच : अशा मोजणीसाठी वंशाची नोंद आवश्यक ठरते; परंतु नोंद ठेवल्याने वर्गवारीलाच बळ मिळते, असा आक्षेप आहे. १९६० पासून जनगणनेत व्यक्तीने स्वतःच आपला वंश सांगण्याची पद्धत रुळू लागली व २००० पासून एकाहून अधिक वंश नोंदविण्याची मुभा मिळाली. बहुवंशीय लोकांचे प्रमाण २०१० मध्ये २·९ टक्के होते. प्रश्नांच्या व नोंदीच्या पद्धतीतील बदलांमुळेही ते २०२० मध्ये १०·२ टक्क्यांवर गेले. माता गोरी असलेल्या ओबामा यांनी मात्र २०१० मध्ये कृष्णवर्णीय हा एकच पर्याय निवडला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मताधिकार कायद्यातील पूर्वपरवानगीची यंत्रणा निष्प्रभ केली व २०२३ मध्ये विद्यापीठ प्रवेशांत वंशाचा विचार करण्यास मनाई केली. संविधान वर्णांध असावे, ही या निर्णयांमागील भूमिका होय. वर्णावरून झालेली हानी वर्णाकडे डोळेझाक करून भरून कशी निघेल, हा विरोधी पक्षाचा प्रश्न आहे.

महाराष्ट्राशी संबंध : या इतिहासाकडे महाराष्ट्राचे लक्ष लवकर वेधले गेले. जोतीराव फुले यांनी गुलामगिरी हा ग्रंथ (१८७३) दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांशी पत्रव्यवहार केला, तर १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथर या संघटनेने अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून आपले नाव घेतले. जात व वंश या संस्था एकरूप नाहीत. जातीला दृश्य वर्णभेदाचा आधार नसतो. तथापि जन्मावरून दर्जा ठरविणे, विवाहावरील निर्बंधांनी तो राखणे आणि कायदा बदलल्यानंतरही तो व्यवहारात टिकणे, ही लक्षणे दोहोंत समान आहेत.