सशाला शिंगं फुटली तेव्हा

भर्तृहरीचा तो श्लोक वामनपंडितांच्या मराठीतून आपण सगळ्यांनी शाळेत घोकला आहे. वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, एखादे वेळी सशाचं शिंगही हाती लागेल, पण मूर्खाची समजूत पटायची नाही. अमिरातीत राहणाऱ्या मराठी माणसाला यातल्या पहिल्या दोन गोष्टींचं अप्रूप राहिलेलं नाही. वाळूखालच्या तेलावर इथे शहरं उभी राहिली आणि समुद्राचं खारं पाणी गोडं होऊन नळाला येतं. राहता राहिलं होतं ते सशाचं शिंग. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स इथे तेही दिसलं.

शिंगं फुटल्यासारख्या दिसणाऱ्या त्या सशांचे फोटो तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. मला गंमत वाटली ती आमच्या शारजाच्या ग्रुपवर फोटोखाली पडलेल्या प्रश्नाची. ‘अल कुद्राला पहाटे ससे दिसतात. उन्हाळ्यात खाल्ले तर बाधतात का?’ अल कुद्रा म्हणजे दुबईबाहेरचं वाळवंट; विचारणारा गडी मूळचा माणदेशातला. आजोबांच्या शिकारीतल्या वाघुरीच्या आणि हाकाऱ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेला. लगेच उत्तरं आली. एक काकू म्हणाल्या, उष्ण पडतो. एकाने सांगितलं, शिजवलं की सगळं मरतं. तिसऱ्याने अमेरिकन नियम पाठवला: ज्या महिन्याच्या इंग्रजी नावात ‘आर’ नाही, त्या महिन्यात ससा खाऊ नये. म्हणजे मे ते ऑगस्ट बंद.

शिंगांचं आधी उरकून टाकू. ती शिंगं नव्हेत, विषाणूमुळे वाढलेले चामखीळ आहेत. रिचर्ड शोप या शास्त्रज्ञाने १९३३ साली ते वाटून, बारीक गाळणीतून गाळून निरोगी सशांच्या खरवडलेल्या कातडीला लावले आणि त्यांनाही चामखीळ आले. विषाणूमुळे गाठी होऊ शकतात याचा तो सुरुवातीचा पुरावा. मानवी पॅपिलोमा विषाणूवरच्या संशोधनाला २००८ मध्ये नोबेल मिळालं, तो याच घराण्यातला. सशांचा विषाणू माणसाला लागत नाही. डास-गोचिडांमुळे तो उन्हाळ्यात पसरतो, एवढाच त्याचा ऋतूशी संबंध.

‘आर’च्या नियमामागे मात्र खरी भीती आहे. तिचं नाव टुलारेमिया. कॅलिफोर्नियातल्या टुलारे परगण्यात १९११ मध्ये खारींमध्ये हा रोग सापडला, म्हणून हे नाव. तिकडचे शिकारी त्याला ससाताप म्हणतात. १९३९ साली अमेरिकेत त्याचे दोन हजारांवर रुग्ण नोंदले गेले. हल्ली वर्षाला साधारण दोनशे. वेळेत ओळखला तर प्रतिजैविकांनी बरा होतो.

हा रोग शरीरात शिरतो कुठून, हे कळायला जपानमधल्या फुकुशिमाच्या डॉ. हाचिरो ओहारांची गोष्ट पुरते. मेलेले रानससे सोलणाऱ्या गावकऱ्यांना ताप येत होता, काखेत अवधाण येत होतं. ओहारांना ससाच कारण असल्याचा संशय होता, पण पुरावा हवा होता. १९२५ मध्ये त्यांच्या पत्नीने आपला हात पुढे केला. मेलेल्या सशाच्या अवयवाचा अंश त्या हातावर चोळला. घासभर मांसही पोटात गेलं नव्हतं. तरी दोन-तीन दिवसांत त्या तापाने फणफणल्या, काखेतल्या गाठी सुजल्या. पुढे त्या बऱ्या झाल्या. आज कुठलीही नैतिकता समिती या प्रयोगाला परवानगी देणार नाही. पण ‘ससा बाधतो का’ या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आपण सगळे ताटाकडे बघत बसतो, आणि रोग येतो सोलणाऱ्याच्या हातातून.

शिजवलं की मरतं हे ग्रुपवरचं उत्तर तसं बरोबरच आहे. मांस आतपर्यंत ७४ अंशांना तापलं की हा जंतू जगत नाही. फ्रीझरमध्ये मात्र तो महिनोन्‌महिने टिकतो. आणि रश्शाला उकळी फुटण्याच्या खूप आधी सुरी फिरवणाऱ्याचं काम झालेलं असतं. हातमोजे घाला, सोलताना डोळ्यांना हात लावू नका, काळजावर पांढरे ठिपके दिसले तर ससा टाकून द्या, हे सल्ले त्यासाठीच. उन्हाळ्यात गोचीड आणि गोमाश्या जोरात असतात, आजारी ससे वाढतात, आणि आजारी ससा पळत नाही. जो सहज हाती लागला त्याचाच जास्त संशय घ्यावा. शिकारी पहिलं हिव पडेपर्यंत थांबायचे ते यामुळे. आपले कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी दर्यात घालत नाहीत, त्याला मासा नासका असणं हे कारण नसतंच. कारणं असतात खवळलेला समुद्र आणि माशांचा विणीचा हंगाम. ऋतूचे नियम असेच असतात. सांगतात खाण्याबद्दल, सांभाळतात दुसरंच काही.

आता इथलं बघू. टुलारेमियाचा पट्टा उत्तरेकडच्या थंड-समशीतोष्ण मुलखांचा, त्यामुळे ‘आर’चा नियम वाळवंटाला जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही. इथली शिकारसुद्धा हिवाळ्याचीच होती, कारण ती ससाण्यावर चालायची. संस्कृतात ससाण्याचं एक नाव शशादन, म्हणजे ससा खाणारा. उन्हाळ्यात ससाणा पिसं झाडतो आणि गार खोलीत बसून राहतो. जोडीला सलुकी कुत्री असत, पण दुपारच्या वाळूवर त्यांना पळवणार कोण?

त्या काळातली एक गोष्ट. थेसिगर हा इंग्रज प्रवासी १९४६ च्या डिसेंबरात रुब अल खालीच्या वाळवंटातून प्रवास करत होता. उपासमार चाललेली. त्याच्या एका बदू सोबत्याने उंटावरून उडी टाकली, बिळात हात घातला आणि ससा ओढून काढला. आत जाणारी पावलं दिसली होती, बाहेर येणारी नव्हती. त्या सशाच्या रश्श्याची चर्चा रंगली. शिजून तयार झाला आणि क्षितिजावर तीन पाहुणे उगवले. सगळा ससा आणि भाकरी त्यांच्यापुढे ठेवली गेली. यजमान हसतमुखाने उपाशी. आपल्या चेहऱ्यावर खुनशी भाव दिसू नयेत, एवढीच थेसिगरची धडपड होती.

ते दिवस संपले. अमिरातीत १९८३ पासून शिकारीवर संघीय कायदा आहे, १९९९ च्या पर्यावरण कायद्याने तो आणखी कडक झाला, अबुधाबीने २००५ मध्ये स्वतःचा वेगळा केला. गावी जावं तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच. तेव्हा अल कुद्राचा ससा उन्हाळ्यात चालत नाही आणि हिवाळ्यातही नाही. ससाच खायचा असेल तर फार्मवरचा आणा. तो मात्र गाडीच्या डिकीत ठेवून गप्पा मारत बसू नका. बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर कच्चं मांस तासाभराहून जास्त उघड्यावर नको, आणि इथला ऑगस्ट ३२ वर थांबत नाही. माझ्या मते या देशात उन्हाळ्यातल्या सशाचा खरा धोका हाच आहे.

नंतर एका रविवारी पहाटे त्या माणदेशी मित्राबरोबर अल कुद्राला गेलो. वाळूवर माग होता: मागेपुढे दोन चिमुकले ठसे, त्यांच्या पुढ्यात शेजारी शेजारी दोन लांबट. तो एका झुडपाखाली शिरला होता आणि दुसऱ्या बाजूने निघालेला दिसत नव्हता. मित्र खाली वाकला. बराच वेळ तसाच राहिला. मग गुडघे झटकत उठला आणि म्हणाला, ‘चल, उगाच पाहुणे यायचे.’