लांबलेलीं रोपें : कारणें आणि निगा

रोहिणी सरून मृग लागण्याच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांव तालुक्यांत, आमच्या गोरेगांवीं व आसपासच्या खेड्यांत, मिरची, टोमॅटो व वांगी यांचीं रोपें जागोजाग तयार होत असतात. कोणी तीं परसांतील गादीवाफ्यावर करतो, कोणी जाळीखालीं ट्रेमध्यें करतो, तर कोणी पावसाच्या व किडीच्या भयानें ओसरीवर किंवा पत्र्याच्या खोलींतच ट्रे मांडतो. त्यांतील कांहीं रोपें उगवून आठ दहा दिवस होतात न होतात तोंच वीतभर उंच होतात आणि घरधनी समाधानानें सांगतो कीं, यंदा रोप मोठ्या झपाट्यानें आलें. आमच्या मतें ही समाधान मानण्याची नव्हे, सावध होण्याची वेळ होय. रोपाची अशी उंची हें बळाचें लक्षण नसून भुकेचें लक्षण आहे. आणि ती भूक खताची नाहीं, पाण्याची नाहीं, उजेडाची आहे. एवढी एकच गोष्ट वाचकांच्या मनांत ठसावी म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम नुकसान किती होतें तें पाहूं. मिरचीची लागवड ६० बाय ४५ सेंटिमीटर अंतरावर केली तर एकरीं सुमारें १५,००० रोपें लागतात. शंभरांत दहा रोपें वाऱ्यानें कोलमडलीं तर दीड हजार जागा मोकळ्या पडतात. नांग्या भराव्या तर दुसरें रोप तयार होण्यास पांच सहा आठवडे पाहिजेत, आणि वाफसा कोणाच्या रोपाची वाट पाहत नाहीं. जीं रोपें जगतात तींहि पहिले पंधरा दिवस खोड सांवरण्यांतच घालवितात. शिवाय बारीक, पाणीदार व दाटींत वाढलेल्या खोडास मर रोगाची बुरशी चटकन धरते. सायंकाळीं उभें असलेलें रोप सकाळीं मातीशीं पिचून आडवें पडलेलें आढळतें. बियाण्याची पुडी आतां स्वस्त राहिली नाहीं हें वेगळें सांगणें नकोच.

रोप असें कां लांबतें? बियांतील अन्नाचा सांठा थोडा असतो. अंकुर मातीखालीं असेपर्यंत अंधारांतून वर येणें हेंच त्याचें काम. म्हणून तो सारें अन्न खोड लांबविण्याकडे लावतो. वर आल्यावर भरपूर उजेड मिळाला कीं ही धांव थांबते आणि अन्न पानें, मुळें व खोडाची जाडी यांकडे वळतें. उजेड अपुरा असेल तर रोप आपण अजून मातींतच आहोंत असें जणूं समजून वर वर जातें. इंग्लंडांत चार्लस् डार्विन व त्याचा पुत्र फ्रान्सिस यांनीं १८८० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत गवताच्या कोंबावरील प्रयोग दिले आहेत. कोंबाचा शेंडा झांकला तर तो उजेडाकडे वळत नाहीं. शेंडा उघडा ठेवून खालचा भाग झांकला तरी वळतो. म्हणजे उजेडाची वर्दी शेंडा घेतो आणि वाढ त्याच्या खालीं होते. पुढें हॉलंडमधील फ्रिट्स वेंट यानें १९२८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनीं शेंड्यांतून खालीं उतरणारें वाढद्रव्य सिद्ध केलें. त्यास आज ऑक्सिन म्हणतात. १९५२ सालीं अमेरिकेंतील बेल्टस्व्हिल येथील सरकारी शेतकी संशोधकांनीं असें दाखविलें कीं, तांबडा प्रकाश व त्याच्या पलीकडचा अतितांबडा प्रकाश यांतील फरक वनस्पतीस कळतो. हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें आणि अतितांबडा परत फेंकतें. त्यामुळें दाट पेरलेल्या वाफ्यांत प्रत्यक्ष सावली पडण्याआधींच रोपास शेजाऱ्याची चाहूल लागते आणि चढाओढ सुरू होते.

येथें आपला डोळा आपणांस फसवितो. निरभ्र दिवशीं दुपारीं उघड्या शेतावरील उजेड, मापाच्या भाषेंत, सुमारें एक लाख लक्स भरतो. ढगाळ दिवशीं तो दहा-वीस हजारांवर येतो आणि घरांत खिडकीपासून दूर कांहीं शेंच उरतो. मंद उजेडांत आपल्या डोळ्याची बाहुली रुंदावते, म्हणून खोली आपणांस चांगली उजळलेली वाटते. रोपास तशी सोय नाहीं. पन्नास टक्के सावलीची जाळी वैशाखाच्या उन्हांत उपकारक असते, परंतु तीच जाळी आर्द्रांतील झडींत तशीच राहिली तर आधींच उणा असलेला उजेड आणखी अर्धा करते.

हा बिघाड बहुधा चार ठिकाणीं होतो. पहिलें ठिकाण ट्रेच्या थप्पीचें. बीं टाकल्यावर ट्रे एकावर एक रचून मेणकापडानें झांकतात, ती रीत योग्यच आहे. परंतु टोमॅटो चार ते सहा दिवसांत व मिरची सात ते दहा दिवसांत उगवूं लागते, आणि कोंब दिसल्यावर थप्पी एक दिवस जरी अधिक राहिली तरी सारा ट्रे पांढरा व लांब होतो. करितां चौथ्या दिवसापासून सकाळ-सायंकाळ मेणकापड उचलून पाहावें आणि पहिले थोडे कोंब दिसतांच सर्व ट्रे पसरावे. दुसरें ठिकाण पत्र्याच्या खोलीचें; तेथें उजेड कमी व उष्मा जास्त, आणि उष्म्यानें वाढीस आणखी जोर येतो. तिसरें ठिकाण गडद जाळीचें. चौथें ठिकाण दाट पेरणीचें. वाफ्यावर बीं फेंकून पेरण्यापेक्षां आठ ते दहा सेंटिमीटर अंतरावर ओळी पाडून विरळ पेरावें आणि उगवणीनंतर दाटी काढून टाकावी.

रोप लांबलें कीं कित्येक जण त्यास युरियाचें पाणी देतात. हा भुकेल्यास वारा घालण्याचा प्रकार झाला. नत्रानें खोड आणखी कोवळें होऊन लांबतें. वरचेवर पाणी दिल्यानें मुळें गुदमरतात आणि बुरशीस आयतें माहेर मिळतें. बाजारांत वाढ रोखणारीं औषधेंहि मिळतात. त्यांपैकीं पॅक्लोब्युट्राझॉल हें मातींत दीर्घकाळ टिकून राहतें. तें कोवळ्या रोपांवर आपल्या अंदाजानें वापरणें आम्हांस धोक्याचें वाटतें. उजेडाची उणीव औषधानें भरून येत नाहीं.

मग करावें काय? आधीं हें ध्यानांत ठेवावें कीं, जें खोड लांबलें तें पुन्हां आंखूड होत नाहीं. आपल्या हातीं आहे तें पुढचें पेर आंखूड व जाड करणें. त्यासाठीं रोपें उजेडांत आणावीं, परंतु एकदम नव्हे. खोलींत वाढलेलें पान भर उन्हांत एका दिवसांत भाजून पांढरें पडतें. पहिल्या दिवशीं सकाळचें कोंवळें ऊन तासभर, दुसऱ्या दिवशीं दोन तास, असें चढवीत सात-आठ दिवसांत रोपें दिवसभर उघड्यावर राहतील असें करावें. पाणी सकाळीं द्यावें आणि वरचा थर सुकल्याशिवाय दुसरें देऊं नये. पांढरी माशी व फुलकिडे यांच्या भयानें झांकणें अवश्यच असेल तर गडद हिरव्या जाळीऐवजीं किडी अडविणारी पांढरी बारीक जाळी घ्यावी. ती पुष्कळ अधिक उजेड आंत येऊं देते. जोराच्या सरीपुरतें वर पारदर्शक मेणकापड ओढावें आणि सर ओसरतांच दूर करावें.

वारा हाहि रोपाचा तालीमखाना आहे. खोड थोडें हललें कीं तें आंखूड व जाड होतें, ही गोष्ट अमेरिकन शास्त्रज्ञ जॅफे यानें १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखविली. रोपें आडोशाला असतील तर दिवसांतून एक दोन वेळां, पानें कोरडीं असतांना, गुळगुळीत काठी शेंड्यांवरून हलकेच फिरवावी. मात्र रोगट रोपांत ही काठी फिरवूं नये, आणि तंबाखू मळलेल्या हातांनीं मिरची-टोमॅटोच्या रोपांस शिवूं नये. तंबाखूंतील केवडा रोगाचा विषाणु हातांवाटे रोपांत जातो. हा शेवटचा नियम आमच्या गांवीं सर्वांत अवघड जाईल हें आम्ही जाणून आहों.

अलीकडे शहरांतून दिव्याखालीं रोपें वाढविण्याची एक तऱ्हा निघाली आहे. आंतून रुपेरी असा कापडी तंबू, वर विजेचे दिवे, बाजूस पंखा, असा तो थाट असतो. परदेशांत त्याचा वापर गांजाच्या झाडांसाठीं फार होतो. कॅनडांत १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशाच्या कायद्यानें घरटीं चार झाडांची मुभा दिली आहे, प्रांतोप्रांतींचे निर्बंध निराळे. आपल्याकडे स्थिति अगदीं वेगळी आहे, आणि महसुली कामांत वर्षें घालविल्यामुळें ती येथें सांगणें आम्हांस कर्तव्य वाटतें. १९८५ सालच्या अंमली औषधिद्रव्यांच्या कायद्यानें परवान्यावांचून गांजाच्या झाडाची लागवड हा गुन्हा आहे, मग तें झाड तंबूंत असो, परसांत असो कीं तुरीच्या ओळींत असो. त्याच कायद्याच्या ४६ व्या कलमानें, आपल्या जमिनींत कोणी असें झाड बेकायदा लावलेलें असल्यास त्याची वर्दी ताबडतोब देणें हें जमीनधारकाचें कर्तव्य ठरविलें आहे. जाणूनबुजून गप्प राहणारा स्वतः शिक्षेस पात्र होतो. करितां जमीन बटईनें दिली असली तरी मालकानें पिकांतून वरचेवर फेरी मारावी.

तंबूची तऱ्हा मात्र मिरचीसहि लागू पडते, आणि तेथेंहि पहिली तक्रार हीच असते कीं रोपें लांबलीं. इलाजहि तोच : उजेड वाढविणें. दिवा उंच टांगला तर त्याचा उजेड झपाट्यानें विरतो. एका बिंदूपासून निघणारा उजेड दुप्पट अंतरावर चौथाईच राहतो. म्हणून दिवा शेंड्यांजवळ आणावा; शेंड्यांच्या उंचीवर हाताची पाठ धरली असतां चटका जाणवूं लागला कीं तो थोडा वर घ्यावा. दिवसांतून चौदा ते सोळा तास दिवा पुरे, उरलेला वेळ अंधार असूं द्यावा. रोपें वाढतील तसा दिवा वर सरकवावा आणि पंख्याची मंद झुळूक चालूं ठेवावी. तथापि ज्याच्या अंगणांत सूर्य फुकट येतो त्यानें एका एकराच्या रोपांसाठीं विजेचें बिल कां वाढवावें, हें आम्हांस उमगत नाहीं.

इतकेंहि करून रोपें लांबच राहिलीं तर लागणीच्या वेळीं कांहीं सुधारणा होते, परंतु ती पिकापिकांप्रमाणें निराळी. टोमॅटोच्या खोडास मातीखालीं नवीं मुळें फुटतात. म्हणून खालचीं पानें काढून खोडाचा लांबलेला भाग मातींत गाडावा, किंवा उथळ चरींत आडवा निजवून फक्त शेंडा वर ठेवावा. मिरची व वांगी यांचें रोप पहिल्या जोडपानांपर्यंतच खोल लावावें आणि जवळ लहान काडी रोवून सैल बांधावें. कलमी रोपाचा सांधा केव्हांहि मातीखालीं जाऊं देऊं नये, नाहींतर कलमाचा हेतूच बुडतो. पपई व वेलवर्गीय भाज्या यांचें खोड गाडल्यास कुजण्याचा संभव असतो. तीं रोपें मूळच्याच खोलीवर लावावीं. आपल्याकडील भारी काळ्या जमिनींत पाणी साचतें, तेव्हां खोल लागण सरीच्या तळाशीं नव्हे, वरंब्याच्या बगलेवर करावी. लागण दुपार कलल्यावर करावी, म्हणजे रोपास रात्र सांवरण्यास मिळते.

जे रोपें विकत घेतात त्यांस एक सूचना. उंची पाहून रोप घेऊं नये. ट्रे हातांत घेऊन तिरपा करावा. रोपें ताठ राहिलीं तर खोडांत बळ आहे, मान टाकलीं तर नाहीं. दोन पानांमधलें पेर आंखूड असावें, पान गर्द हिरवें असावें आणि एखादें रोप उपटून पाहिल्यास मुळ्या पांढऱ्या व गड्डा न फुटणारा असावा. टोमॅटोचें रोप २५ ते ३० दिवसांचें व मिरचीचें ३५ ते ४५ दिवसांचें असतांना सुमारें १२ ते १५ सेंटिमीटर उंची पुष्कळ झाली. याहून उंच व बारीक रोप दोन पैसे कमी भावानें मिळालें तरी महागच पडतें. शंका असल्यास कळमनुरी तालुक्यांतील तोंडापूरचें कृषि विज्ञान केंद्र किंवा परभणीचें वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ येथील तज्ज्ञांस रोप प्रत्यक्ष दाखवून विचारावें.

सारांश, रोपाची निगा म्हणजे त्यास चुचकारून वाढविणें नव्हे. तें वेळेवर उघडें करणें, विरळ ठेवणें आणि ऊनवाऱ्याची संवय लावणें, यांतच ती सामावली आहे. या कामास पैसा लागत नाहीं. उगवणीच्या आठवड्यांत सकाळ-सायंकाळ घटकाभर लक्ष लागतें. यंदा ज्यांच्या ट्रेंत कोंब दिसूं लागले असतील त्यांनीं हा अंक खालीं ठेवून आधीं मेणकापड उचलून पाहावें, इतकीच आमची विनंति आहे.